कोडफोर्सेसचं रेटिंग आणि नोकरीतलं कोडिंग

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिस आल्या आणि इंदुरातल्या मराठी घरांत 'मुलगा कोडिंग करतो' हे कौतुकाचं वाक्य झालं. पण कुठलं कोडिंग? कोडफोर्सेससारख्या ऑनलाइन स्पर्धांतलं, जिथे कामगिरीवरून रेटिंग मिळतं, की नोकरीतलं?

स्पर्धेत प्रश्न आयता मिळतो. इनपुट किती मोठं, वेळ किती, उत्तर कसं छापायचं, सगळं लिहिलेलं असतं. आयसीपीसी या कॉलेजांच्या जागतिक कोडिंग स्पर्धेत संघातल्या तिघांना मिळून एकच संगणक आणि पाच तास. त्यानंतर तो कोड सहसा कुणी उघडत नाही, त्यामुळे व्हेरिएबलची नावं ए, बी, सी असली तरी खपतात.

नोकरीत प्रश्नच धड ठरलेला नसतो. सियागंजातला व्यापारी म्हणतो, "भिया, बिलाचं सॉफ्टवेअर बनवून द्या." परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट कशी निघणार? पैसे राउंड करायचे ते प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला? संगणकात 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येऊ शकतं, हे स्पर्धावाल्याला पाठ असतं. पण राउंड कुठे करायचं ते व्यापाऱ्याला आधी विचारून घ्यावं, हे त्याला सुचेलच असं नाही. आणि तोच कोड दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी दुरुस्त करायचा असतो.

म्हणून रेटिंग फुकट, असं मुळीच नाही. याच व्यापाऱ्याची 1 लाख बिलं बँकेच्या 1 लाख नोंदींशी जुळवायची आहेत. प्रत्येक बिल प्रत्येक नोंदीशी ताडून बघितलं तर 1000 कोटी तुलना. प्रोग्रॅम बसला घुमत. हॅश टेबल, म्हणजे हवी ती नोंद जवळपास थेट सापडेल अशी मांडणी, वापरलं की काम काही लाख पायऱ्यांत आटोपतं. स्पर्धा खेळलेल्या पोराला हे कोड लिहिण्याआधीच दिसतं, आणि ही नजर खरंच कामाची आहे.

गणिताचं तिसरंच. मशीन लर्निंगला संभाव्यता आणि मॅट्रिक्स लागतात, गेमच्या ग्राफिक्सलाही मॅट्रिक्स लागतात. बिलाच्या सॉफ्टवेअरला टक्केवारी आणि चोख तर्क पुरतो.

फ्रेशरच्या मुलाखतीत मी रेटिंग बघतो, कारण बघण्याजोगं दुसरं फारसं नसतंच. पाच वर्षं काम केलेल्याला सेगमेंट ट्रीसारखी स्पर्धेत लागणारी युक्ती विचारणं मात्र मला पोरखेळ वाटतो. त्याच्यापुढे मी बग असलेला, दुसऱ्याने लिहिलेला कोड ठेवतो आणि बघतो, गडी लगेच खोडाखोडी सुरू करतो की आधी चालवून बघतो.