पर्यायी शाळेतलं हुशार मूल : अर्ज कुठे, कागद कोणते?

आधी शाळेला एकच विचारा : तुमचा 11 अंकी यू-डायस क्रमांक (मान्य शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आहे का? पुण्यात पर्यायी म्हणवणाऱ्या शाळांपैकी काहींना रीतसर मान्यता असते, काही म्हणजे चार पालकांनी मिळून चालवलेला वर्ग. मुलांना त्याने फरक पडत नाही, अर्जाला पडतो. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधूनच जातो. मान्यता नाही तर लॉगिन नाही. मग त्या परीक्षेतली 100 गुणांची बुद्धिमत्ता चाचणी मूल घरी हसत-खेळत सोडवत असलं तरी उपयोग नाही.

आठवीतली एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, आणखी कडक. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पण शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानितच हवी. विनाअनुदानित असेल तर मान्यता असूनही बाद. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायला धावण्याआधी हे तपासा.

शाळेला मान्यताच नसेल तर राज्य मुक्त विद्यालय मंडळ, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देण्याची सरकारी सोय. पाचवी स्तराला वयाची 10 वर्षं पूर्ण हवीत, आठवीला 13. म्हणजे दहा वर्षांचं पोर आठवीची गणितं करत असलं तरी पाचवीलाच बसणार. इथे वय बघतात, वेग नाही. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे. कागद मोजकेच : शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तो, आधार, फोटो.

‘प्रज्ञावंत’ असा सरकारी दाखला मिळत नाही. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत (मानसशास्त्र विभागात) बुद्धिमत्तेच्या चाचण्या होतात. तो अहवाल शिक्षकांशी बोलताना कामी येतो, वरच्या अर्जांना जोडायला नाही.

आता जन्मदाखला. आमच्या लेकीच्या दाखल्यावर लिंग, तारीख, आईवडील सगळं होतं, नावाची जागा कोरी! कुणी कधी पाहिलंच नव्हतं. नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. आमचं आधारवरचं स्पेलिंगही वेगळं निघालं, तेही दुरुस्त करावं लागलं. फॉर्म सुटण्याची वाट न बघता दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.