मेडिकलला प्रवेश मिळाला, आता खोली कुठे घ्यायची?
(बेळगावात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

अलॉटमेंट लेटर हातात पडलं की दोन-तीन दिवसांत पालक भाड्याच्या खोलीसाठी आमच्याकडे येतात. कुणी खानापूर-निपाणीचे, कुणी चंदगड-गडहिंग्लजचे. पहिला प्रश्न ठरलेला असतो : भाडं किती? आमची विनंती आहे की त्याआधी दुसरा प्रश्न विचारा. रात्री उशिरा वॉर्डातून सुटलेली मुलगी खोलीपर्यंत कशी पोहोचेल?

शहरात एमबीबीएसची दोन कॉलेजं आहेत. नेहरूनगरचं केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं. दुसरं सरकारी, सिव्हिल हॉस्पिटलला जोडलेलं बिम्स, म्हणजे बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. मराठी पालकांचा ओढा मात्र टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळकडे असतो, कारण तिथे मावशी नाहीतर आत्या राहते. ते समजण्यासारखं आहे. पण हे भाग रेल्वे लाइनच्या दक्षिणेला आणि नेहरूनगर पार उत्तरेला. मध्ये अख्खी बाजारपेठ. सकाळी रेल्वे गेट पडलं की पहिलं लेक्चर हुकलंच म्हणून समजा. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा ही मिनिटं महाग पडतात.

केएलईसाठी नेहरूनगर, आझमनगर, वैभवनगर, शिवबसवनगर बघा. बिम्ससाठी सदाशिवनगर सोयीचं. ते दोन्ही कॉलेजांच्या साधारण मध्ये येतं, त्यामुळे वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणारी भावंडं एकत्र राहणार असतील तर आम्ही तेच सुचवतो.

पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळत असेल तर खोली घेऊच नका. आमचा व्यवसाय खोल्यांचा आहे, तरीही हे मनापासून सांगतो. ॲनाटॉमीचा डोंगर, नवं गाव, घरची आठवण या सगळ्यात आसपास त्याच वर्गातली मुलं असली की पोरं तग धरतात. खोलीची खरी गरज पुढे लागते, वॉर्डातलं काम वाढतं तेव्हा, आणि साडेचार वर्षांनंतरच्या इंटर्नशिपच्या वर्षात तर नाइट ड्यूटीच असते. तेव्हा हॉस्पिटलपासून चालत जाता येईल एवढं अंतर हवं. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

आता भाषेचं. "मराठी वस्तीतच खोली द्या" असं बरेच जण सांगतात. शहापूर-वडगावात मराठी बोलणं आहे, भाकरीची खानावळ आहे, सगळं आपलं आहे. पण सौंदत्ती किंवा रामदुर्गहून हॉस्पिटलात आलेली आजी कुठे दुखतंय ते कन्नडमध्येच सांगणार, आणि तिचं म्हणणं दुभाष्याशिवाय समजलं पाहिजे. शिवबसवनगरसारख्या भागात राहिलं तर दूधवाला, घरमालकीणबाई, किराणा दुकानदार यांच्याशी रोज बोलता बोलता कन्नड कानावर पडतं. "एल्ली नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय. एवढ्याने सुरुवात होते. आम्हाला विचाराल तर ज्यांच्या घरात कन्नडचा गंधही नाही, त्यांनी निदान एक वर्ष तरी अशा वस्तीत काढावं.

प्रवेश बहुधा पावसाळ्यात होतात, याचा फायदा घ्या. बेळगावचा पाऊस भिंत कशी आहे ते लपवू देत नाही. कपाटामागे हात फिरवून ओल बघा. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची सखल जागा, त्यातून तळमजला, कितीही स्वस्त असो, आम्ही दाखवत नाही. पूर्वी एका मुलाला अशी खोली आम्हीच दिली होती. एका रात्रीत त्याची सगळी पुस्तकं भिजली. ती चूक आमची होती, आणि तेव्हापासून हा नियम आहे.

घरमालकांना विचारा : नळाला पाणी किती दिवसांनी येतं? विहीर किंवा बोअर आहे का? चोवीस तास पाणी शहराच्या काही भागांतच आहे. विजेचा मीटर वेगळा आहे का, हेही विचारा.

मुलींसाठी एक गोष्ट. जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला महिलांना तिकीट नाही, पण ते कर्नाटकातल्या रहिवासी महिलांनाच. आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागतं. महिन्याचा हिशेब मांडताना हे धरा. रात्रीच्या रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांत खोल्या मोठ्या मिळतात, शेजार प्रेमळ मिळतो. मात्र गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री गाडी बाहेर काढता येत नाही. ड्यूटी असलेल्यांनी याचा विचार करावा.

खोली बघायला सकाळी येऊ नका. संध्याकाळी सातनंतर या, मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. कॉलेजच्या फाटकापासून खोलीपर्यंत आपण चालत जाऊ. रस्त्यावर दिवे कुठपर्यंत आहेत, कुत्री कुठे बसतात, मेडिकल दुकान किती वाजता बंद होतं, हे सगळं त्या वाटेवरच दिसेल. त्यानंतर करारपत्राचं बोलू.