शिकारीचा परवाना आणि परका माणूस

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या धक्क्यावर गणवेशातला माणूस येतो, बर्फाचा डबा उघडायला लावतो, माशाला पट्टी लावून लांबी मोजतो, परवाना बघतो. हे त्याचं रोजचं काम. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने केंद्र सरकारशी करार केला. त्यामुळे प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याला इमिग्रेशनचे, म्हणजे परदेशी माणूस देशात कायदेशीरपणे राहतो का हे तपासण्याचे, अधिकारही वापरता येतात. करार ज्या कलमाखाली झाला, ते १९९६ चं. पण अमेरिकेत शिकारीचा कायदा आणि बाहेरून आलेला माणूस यांची गाठ त्याच्या कितीतरी आधी, पेनसिल्व्हेनियात पडली.

एकोणिसावं शतक संपता संपता तिथली जंगलं तोडून झाली होती आणि हरणं नावापुरती उरली होती. १८९५ मध्ये राज्याने शिकार आयोग नेमला. त्याच सुमारास कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणींवर इटलीतून मजूर येत होते. लहान पाखरं मारून खाणं ही त्यांची गावाकडची रीत. रॉबिनसारखे पक्षी त्यांच्या चुलीवर चढत, आणि शेतकऱ्याच्या लेखी तेच पक्षी पिकावरची कीड खाणारे. आयोगाचे शिकार-रक्षक आणि मजूर यांच्यात झटापटी होऊ लागल्या. १९०६ मध्ये हिल्सव्हिलच्या खाणींच्या परिसरात सीली हौक या रक्षकाचा खून झाला. त्या गुन्ह्यासाठी एका इटालियन माणसाला १९०९ मध्ये फाशी झाली.

त्याच वर्षी, ८ मे रोजी, विधिमंडळाने कायदा केला. परदेशात जन्मलेल्या आणि नागरिकत्व न घेतलेल्या रहिवाशाने स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या बचावाखेरीज कोणताही रानपक्षी वा प्राणी मारायचा नाही. एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्याने शॉटगन किंवा रायफल बाळगायचीही नाही, असं पुढे जोडलं गेलं. दंड २५ डॉलर, आणि बंदूक जप्त. म्हणजे पाखरू मारल्याचा पुरावा लागत नव्हता, घरात बंदूक सापडली की पुरे. आयोगाचे सचिव जोसेफ काल्बफस या कायद्याचे मोठे पुरस्कर्ते होते.

जोसेफ पॅट्सोन या इटालियन रहिवाशाला शॉटगन बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. इटलीशी झालेल्या तहाचा भंग होतो, समान संरक्षण नाकारलं जातं, असं म्हणत त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. जानेवारी १९१४ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल राज्याच्या बाजूने लिहिला. उपद्रव प्रामुख्याने याच लोकांकडून होतो, हा स्थानिक अनुभव विधिमंडळाने गृहीत धरला असेल, तर तो चूक आहे असं आम्ही म्हणू शकत नाही, असा त्याचा आशय. पिस्तुलावर बंदी नाही, म्हणजे स्वसंरक्षणाची वाट मोकळी आहे, हेही त्यांनी नोंदवलं.

मला पाखरांची बाजू कळते. ती वाचायलाच हवी होती. पण त्याच १९१४ च्या सप्टेंबरात सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था मेली, प्रवासी कबुतरांच्या जातीतली शेवटची. एके काळी अब्जावधींनी उडणारी ही कबुतरं संपवली ती रेल्वेने माल पाठवणाऱ्या धंदेवाईक शिकाऱ्यांनी, आणि त्यांना नागरिकत्व कोणी विचारलं नव्हतं. कायद्याने कृत्यावर बोट ठेवायचं की माणसावर, हा प्रश्न पेनसिल्व्हेनियाने चुकीच्या बाजूने सोडवला, असं मला ठामपणे वाटतं.

न्यायालयाची भाषा बदलायला दुसरं महायुद्ध उलटावं लागलं. कॅलिफोर्नियाने १९४३ मध्ये जपानी नागरिकांना व्यावसायिक मासेमारीचा परवाना बंद केला. १९४५ मध्ये शब्द फिरवले: 'नागरिक होण्यास अपात्र' परदेशी. तेव्हा या वर्गात भारतीय माणसंही बसत होती. १९२३ च्या, भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाच्या नागरिकत्वाच्या खटल्यापासून १९४६ पर्यंत आपल्यालाही तिथे नागरिकत्वाचं दार बंद होतं. तोराओ ताकाहाशी हा जपानी मच्छीमार १९१५ पासून त्या समुद्रात मासे धरत होता. युद्धकाळात त्याला किनाऱ्यावरून हलवलं, आणि परतल्यावर परवाना मिळेना. किनाऱ्यालगतचे मासे राज्याच्या मालकीचे, हा कॅलिफोर्नियाचा दावा १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी अपुरा ठरवला.

आजच्या वादात परवाना कोणाला, हा मुद्दा मागे पडून परवाना तपासणारा आणखी काय तपासणार, हा पुढे आला आहे. रक्षकाला चोरट्या शिकारीची खबर मिळते ती धक्क्यावरच्या, रानाकडेच्या माणसांकडून. त्यांनी त्याला पाहून वाट बदलली तर ती खबर कोण देणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या सुमारे ६७ टक्के मतदारांनी शिकार आणि मासेमारी हा जनतेचा हक्क म्हणून राज्यघटनेत घातला. आयोगाचा करार त्यानंतर तीनच महिन्यांनी झाला.