वर्गणीचा खोका: लहान मुलांच्या घरपोच शैक्षणिक संचांमागचा इतिहास

कोल्हापुरात वर्गणी म्हटले की आधी तालीम मंडळ, पावतीपुस्तक आणि गणपती आठवतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र रुईकर कॉलनी, नागाळा पार्क, राजारामपुरी अशा भागांतील काही घरांत दुसऱ्याच एका कारणासाठी वर्गणी भरली जाऊ लागली आहे. तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे आणि दर महिन्याला मुलाच्या वयाला साजेसा एक खोका घरपोच घ्यायचा. खोक्यात लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, चित्रांचे पत्ते, रंग, एखादे गोष्टीचे पुस्तक आणि पालकांसाठी एक पत्रक असते. कोणता खेळ कसा मांडायचा, त्यातून मूल काय शिकते आणि मूल कंटाळले तर काय करायचे, हे त्या पत्रकात लिहिलेले असते. इंग्रजीत याला सबस्क्रिप्शन बॉक्स म्हणतात. पालक आपसांत बोलताना नुसते ‘किट’ किंवा ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’ म्हणतात.

वस्तू नवी दिसत असली तरी तिच्यात दोन जुन्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. एक म्हणजे वयाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या खेळसाहित्याची पेटी आणि दुसरी म्हणजे टपालाने येणारी नियमित वर्गणी. दोन्हींचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी आला आहे, आणि महाराष्ट्रात त्यातील पहिल्या वाटेने मध्येच एक वळण घेतले, ते समजून घेतल्याशिवाय आजच्या खोक्याचा अर्थ नीट लागत नाही.

पेटीची गोष्ट जर्मनीत सुरू होते. फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांच्या खेळासाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलांना क्रमाने द्यावयाच्या साहित्याला ते ‘देणग्या’ म्हणत. पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन, तर तिसरीत आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन असे. तिसऱ्या देणगीची सरकत्या झाकणाची लाकडी पेटी उपडी करून झाकण ओढून घेतले की मुलापुढे अखंड घन उभा राहत असे आणि खेळ संपल्यावर सगळे तुकडे जुळवून तो पुन्हा पेटीत जात असे. पेटी ही केवळ बांधणीची सोय नव्हती. एकसंध वस्तू मोडून पाहावी आणि पुन्हा एकसंध करावी, हा धडाच त्या पेटीत होता. देणग्यांना क्रमांक होते आणि त्यांच्याबरोबर मोठ्यांसाठी सूचना होत्या. आजच्या खोक्यातील पत्रकाचे मूळ तिथे आहे.

फ्रोबेल यांच्या हयातीतच, १८५१ मध्ये, प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली; पण तोवर ही कल्पना सीमा ओलांडू लागली होती. अमेरिकेत किंडरगार्टनचा प्रचार करणाऱ्या एलिझाबेथ पीबडी यांचे व्याख्यान १८६९ मध्ये मिल्टन ब्रॅडली या खेळ छापणाऱ्या उद्योजकाने ऐकले आणि त्याने फ्रोबेल यांच्या देणग्या कारखान्यात तयार करायला घेतल्या. शिक्षणाची पेटी बाजारातील माल झाली ती साधारण याच काळात. तिच्याविषयीचा आजचा वाद, म्हणजे ‘हे शिक्षण आहे की विक्री’, त्यामुळे चांगला दीडशे वर्षांचा जुना आहे.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत मापाला फार महत्त्व होते. गुलाबी मनोऱ्यातील दहा घनांची बाजू एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत एकेका सेंटिमीटरने वाढत जाते, म्हणून ठोकळा चुकीच्या जागी बसला तर मुलाला ते स्वतःच दिसते, शिक्षकाने सांगावे लागत नाही. या काटेकोरपणाची किंमत मात्र मोजावी लागे, कारण अशी साधने सुताराकडून सहज करून घेण्यासारखी नव्हती. १९३९ मध्ये माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. या वर्षांत देशभरातील अनेक शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रत्यक्ष धडे घेतले.

आपल्याकडे त्याआधीच काम सुरू झाले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. शहरातील मध्यमवर्गीय मुलांपुढे माँटेसरीची साधने मांडता येत होती. पण १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या तेव्हा प्रश्नच बदलला. ज्या मुलांना शाळेपर्यंत येणेच शक्य नव्हते, कारण त्यांच्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची किंवा गुरे राखण्याची जबाबदारी होती, त्यांच्यासाठी महागडी पेटी निरुपयोगी होती.

ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी यावर शोधलेले उत्तर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील अत्यंत धीट उत्तरांपैकी एक मानले पाहिजे. त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, आणि साधनेही तिथलीच घेतली. बिया, शिंपले, खडे, पाने, काटक्या आणि माती यांच्यातून रंग, आकार, वजन, संख्या आणि क्रम शिकवता येतात, असे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. क्रम माँटेसरीचाच राहिला, पेटी तेवढी गेली. ‘अंगणवाडी’ हे नाव याच कामातून आले आणि पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा देशभरातील केंद्रांना तेच नाव मिळाले. आज त्या नावाशी खिचडी, लसीकरण आणि वजनाचा काटा जोडला गेला आहे. त्यामागचा अंगणातील बियांचा आणि शिंपल्यांचा प्रयोग फारसा कोणाला आठवत नाही.

कोल्हापूरचा स्वतःचा वारसा शाळेच्या बाजूने अधिक बळकट आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. याच जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले आणि पुढे ते देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून परिसर, माणसे आणि त्यांचे व्यवसाय यांनाच शिकण्याचा विषय केले. तथापि सक्तीचा कायदा शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होता. त्याआधीची वर्षे घराच्या, म्हणजे बहुधा आजीच्या, ताब्यात राहिली.

त्या घरगुती व्यवस्थेलाही क्रम होता, फक्त तो कोणी छापला नव्हता. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे, मुठीत मावणारा खुळखुळा, उभे राहू लागल्यावर पांगुळगाडा, मग मातीची बोळकी आणि भातुकली, त्यानंतर चिंचोके, सागरगोटे आणि भोवरा, अशी ही चढती भाजणी होती. लाकडी भातुकली आणि रंगवलेली फळे आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीहून, तिथल्या चितारआळीतून, येत. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, शाहूपुरी आणि बापट कॅम्पच्या कुंभारांकडून मातीचे बैल घरोघरी येत. पूजा झाली की ते मुलांच्या ताब्यात जात आणि आठवडाभरात शिंगे मोडून बसत. वर्षातून एकदा ठरल्या तिथीला घरात येणारे हे खेळणे होते, आणि त्याची वर्गणी कोणी भरत नव्हते.

दुसरा धागा टपालाचा. मराठीत मुलांसाठी ठरावीक काळाने घरी येणारी वस्तू म्हणजे मासिक. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ काढले, पुढे ‘चांदोबा’ आला आणि १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ येऊ लागले. वर्गणीदार हा शब्द या मासिकांनी घरोघरी रुजवला. पुस्तके आणि वस्तू मागवण्यासाठी व्ही. पी.ची सोय भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्येच केली होती. पोस्टमन दारात आल्यावर पैसे द्यायचे आणि पुडके सोडवून घ्यायचे. ऑनलाइन खरेदीतील ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही पद्धत आपल्याकडे इतकी चटकन रुळली, त्याला हा सवयीचा आधार होता, असे मला वाटते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. ती योजना आखणारे टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामांकित लेखकही होते. कोल्हापूरच्या वाट्याला ४१६ ही सुरुवात आली, आणि खोक्यावरच्या पत्त्यात आजही तीच छापलेली असते.

पेटी आणि वर्गणी यांची गाठ बहुधा पहिल्यांदा नीट बसली ती अमेरिकेत. तिथे १९२६ पासून दरमहा पुस्तक पाठवणारा क्लब चालू होता. त्याच धर्तीवर वॉशिंग्टनच्या ‘सायन्स सर्व्हिस’ या संस्थेने नोव्हेंबर १९४० मध्ये ‘थिंग्ज ऑफ सायन्स’ हा उपक्रम सुरू केला. वर्गणीदाराला दर महिन्याला एक छोटा खोका येई. त्यात एखाद्या विषयावरील नमुने, प्रयोगाच्या सूचना आणि माहितीपुस्तिका असे. तो शिशुवर्गासाठी नव्हता, पण आजच्या संचाचा सांगाडा त्यात पुरता तयार झालेला दिसतो.

नंतरची घडामोड जलद झाली. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बर्चबॉक्स’ने सौंदर्यप्रसाधनांचे नमुने दरमहा पाठवण्याचा धंदा यशस्वी करून दाखवला आणि हीच रीत प्रत्येक क्षेत्रात शिरली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘किवी क्रेट’ सुरू झाली. भारतात २०१३ मध्ये चेन्नईहून ‘फ्लिंटोबॉक्स’ आला आणि त्यामागोमाग इतर काही कंपन्या आल्या. विक्रेत्याच्या दृष्टीने या रचनेचा मोठा फायदा असा की पैसे आधी येतात, पुढच्या महिन्यात किती नग लागतील हे ठाऊक असते, आणि मूल मोठे होत असल्यामुळे पुढचा खोका मागवायला आपोआप कारण मिळते. वाढते वय हेच येथे मागणीचे इंजिन आहे.

२०२० च्या मार्चमध्ये बालवाड्या आणि अंगणवाड्या बंद झाल्या. दिवसभर घरात असलेले तीन-चार वर्षांचे मूल आणि लॅपटॉपसमोर बसलेले आईवडील, या परिस्थितीत दहा खेळांचा आयता संच पुष्कळांना सुटकेसारखा वाटला. त्याच सुमारास सरकारी धोरणेही बदलत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, पुढे ते ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट मिळाली, पण घरच्या घरी संच बांधून विकू पाहणाऱ्या लहान उद्योजिकेला तपासणीचा खर्च पेलणे अवघड झाले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा परस्पर पैसे कापण्यावरही बंधने आली. सहा किंवा बारा महिन्यांची रक्कम एकदम भरण्याची पद्धत इथे टिकून राहण्यामागे हेही एक कारण दिसते.

कोल्हापूरपुरती आणखी एक अडचण पावसाची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुराचे पाणी येऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा दूध-भाजीचीच आवक थांबली होती. खेळण्यांची चौकशी कोण करतो?

एक गोष्ट मला सतत खटकते. हे शहर ओतकामाचे आहे. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो ते नमुने, लाकडात अचूक मापाने घडवणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गुलाबी मनोऱ्याला लागणारा काटेकोरपणा त्यांच्या हातात आहे, तरी मुलांचे ठोकळे चेन्नई-बेंगळुरूहून मागवावे लागतात.

दरम्यान राज्यकर्त्यांनाही पेटी पुन्हा आठवली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा ठरवले आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने याच वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, भित्तिचित्रे, पत्ते आणि गोष्टींची पुस्तके आहेत. ताराबाईंनी पेटी रिकामी करून अंगणात ओतली होती, तेच साहित्य आता पुन्हा पेटीत भरले जात आहे. खासगी कंपन्या ते वर्गणीदाराच्या घरी पाठवतात, सरकार वर्गात पाठवते. याला अधोगती म्हणणे सोपे आहे, पण अंगणही राहिलेले नाही, हे मान्य करावे लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चिंचोके, शिंपले आणि माती जमवणारे मोठे माणूस दुपारी घरी असेलच असे नाही, आणि असले तरी कोणत्या वयाला काय मांडायचे हे त्याला सांगणारी शेजारीण आता नाही. पालक पैसे मोजतात ते मण्यांसाठी नव्हे. मणी शिवाजी मार्केटजवळ सहज मिळतात. ते पैसे क्रमासाठी आणि पत्रकासाठी असतात.

आणि पत्रक बहुधा इंग्रजीत असते. ते लिहिलेले असते आईवडिलांना उद्देशून, तर दुपारी मुलापाशी असते आजी. त्यामुळे काही घरांत आई रात्री पत्रक वाचते, दुसऱ्या दिवशीचा खेळ मराठीत बोलून आजीच्या व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि आजी ते ऐकून मणी एका वाटीत, राजमा दुसऱ्या वाटीत काढून ठेवते.