ध्वनिसंस्करण व ध्वनिविकृती, रेडिओ प्रसारणातील

स्टुडिओतून निघालेला आवाज प्रक्षेपकात जाण्यापूर्वी त्याची पातळी, स्वरांचा समतोल आणि शिखरे ठरलेल्या मर्यादेत बसवण्याच्या क्रियेला ध्वनिसंस्करण म्हणतात. या साखळीत कोठेही मूळ आवाजात नसलेले घटक मिसळले, की ध्वनिविकृती निर्माण होते. ‘आवाज फाटतो’, ‘कर्कश लागतो’, ‘घुसमटतो’ अशा श्रोत्यांच्या तक्रारी असतात आणि त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबईतील एफएम व मध्यम लहरींच्या प्रसारणाला धरून आहे.

मुंबईतील प्रसारणाचा आरंभ कोणता मानावा याविषयी एकमत नाही. ऑगस्ट 1921 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई कार्यालयातून टपाल व तार खात्याच्या साहाय्याने संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला, असे नमूद केले जाते. काही लेखक हाच आरंभ धरतात. इतर जून 1923 मधील रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या कार्यक्रमांना तो मान देतात. मात्र नियमित सेवा हा निकष लावल्यास 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालेले इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र अधिक ग्राह्य ठरते. त्याचा प्रक्षेपक 1.5 किलोवॉटचा होता. या तिन्ही टप्प्यांवर आवाजाची पातळी माणसाच्या हातानेच सांभाळली जात असणार, कारण ते काम आपोआप करणारी उपकरणे प्रसारणात यायला अजून अवकाश होता.

त्या उपकरणांच्या उगमाबद्दलही दोन मते आहेत. एक मत त्यांचे मूळ 1930 च्या दशकाच्या आरंभीच्या अटलांटिकपार दूरध्वनी सेवेत शोधते, तर दुसरे बोलपटाच्या ध्वनिपट्टीत. फिल्मवरील पट्टीची रुंदी ठरलेली असल्याने तेथेही आवाजाला वरची हद्द घालावी लागे. प्रसारणात बऱ्यापैकी रुळलेला पहिला लिमिटर (शिखरे मर्यादेत ठेवणारे उपकरण) म्हणून वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या 1937 मधील 110-ए या विवर्धकाचा उल्लेख होतो. ही कंपनी दूरध्वनी आणि सिनेमा या दोन्ही धंद्यांत होती, हे लक्षात घेतले तर वादाची धार बरीच बोथट होते. स्वरपट्टे वेगळे करून प्रत्येकावर स्वतंत्र नियंत्रण ठेवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः माइक डॉरो यांच्या 1970 च्या दशकातील यंत्राला दिले जाते. तथापि पट्टे पाडण्याची कल्पना त्याआधी डॉल्बी-ए या गोंगाट घटवणाऱ्या प्रणालीत वापरली गेली होती. डॉरो यांनी ती रेडिओत लोकप्रिय केली असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे.

रॉबर्ट ओरबन यांच्या 1975 मधील ऑप्टिमोड-एफएम 8000 चे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तोवर लिमिटर एक आणि स्टिरिओ जनित्र (डावा व उजवा आवाज एका मिश्रणात बांधणारे उपकरण) दुसरे, अशी वाटणी असे. स्टिरिओसाठी 19 किलोहर्ट्झचा पायलट सूर (संचाला स्टिरिओ ओळखता यावा यासाठीचा खुणेचा सूर) स्वच्छ ठेवावा लागतो, म्हणून आवाज 15 किलोहर्ट्झवर गाळला जातो. अडचण येथेच होती. लिमिटरने नीट कापलेली लहर गाळणीतून गेली, की पुन्हा मर्यादेबाहेर उसळी मारते. टोकाचे उदाहरण चौकोनी लहरीचे आहे : तिची उंची 1 मानली, तर तिच्यातील मूळ सुराची उंची सुमारे 1.27 असते. वरचे स्वर गाळणीत निघून गेले की हा मूळ सूर एकटा उरतो आणि पातळी 2.1 डेसिबलने वाढलेली दिसते. उसळीला जागा ठेवायची म्हणून केंद्रांना सरासरी पातळी तेवढी खाली ठेवावी लागे. लिमिटर, गाळणी व जनित्र एकाच पेटीत आणून ओरबन यांनी ही जागा वाचवली. पुढे स्टिरिओ मिश्रण तयार झाल्यावर त्याचीच शिखरे कापण्याची प्रथाही आली. तीत उसळी उरत नाही आणि आवाज मोठा वाटतो, पण पायलटलाही धक्का लागतो. तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की कान हा दोष ओळखत नाही. मुंबईसारख्या, परावर्तनामुळे पायलट आधीच डळमळणाऱ्या शहरात हे म्हणणे थोडे सावधपणे घ्यावे.

एफएममधील विकृतीचे मूळ बऱ्याचदा उच्च स्वरांत असते. रेडिओ संचातील सरसर कमी व्हावी म्हणून हे स्वर प्रक्षेपणापूर्वी मुद्दाम उचलतात आणि संचात तितकेच खाली आणतात. भारतात त्यासाठी 50 मायक्रोसेकंदांचा कालांक (उचल किती हे ठरवणारा आकडा) आहे, अमेरिकेत 75 चा. 50 च्या कालांकाने 8 किलोहर्ट्झला सुमारे 8.6 डेसिबलची, तर 15 किलोहर्ट्झला सुमारे 13.7 डेसिबलची उचल मिळते. वाहक लहरीचे विचलन (आवाजाबरोबर तिच्या वारंवारतेत होणारा चढउतार) मात्र ±75 किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. स, श, च, झ या वर्णांची बरीच ऊर्जा याच वरच्या पट्ट्यात असल्याने ‘सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत’ एवढ्या साध्या घोषणेतही शिखरे कापली जातात. कापताना 9 आणि 12 किलोहर्ट्झचे घटक एकत्र असतील, तर 6 किलोहर्ट्झला एक नवाच घटक जन्मतो. संच 12 किलोहर्ट्झला जवळपास 12 डेसिबलने दाबतो आणि 6 ला साडेसहाच्या आसपास. म्हणजे मूळ स्वरापेक्षा विकृतीच कमी दबते. ‘स’ थुंकल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे. डिजिटल प्रोसेसरमध्ये (ध्वनिसंस्करण करणाऱ्या यंत्रात) यात भर पडते : 48 किलोहर्ट्झ नमुनादराने (सेकंदाला 48 हजार नमुने घेऊन) काम करताना 9 किलोहर्ट्झचा पाचवा गुणस्वर, म्हणजे 45, उलटा दुमडून 3 किलोहर्ट्झवर येतो आणि तो मूळ सुराचा गुणस्वर राहत नाही. म्हणूनच चांगले प्रोसेसर कापण्याचे काम कित्येक पट वरच्या नमुनादराने करतात.

मुंबईत 1993 पासून आकाशवाणीच्या एफएमवर खासगी निर्मात्यांना वेळ मिळू लागला आणि 2002 मध्ये खासगी केंद्रे आली. त्यानंतर शेजारच्या केंद्रापेक्षा आपला आवाज मोठा हवा ही चढाओढ येथेही दिसू लागली.

विकृती ऐकून ओळखताना पहिला प्रश्न ती केंद्रात आहे की वाटेत, हा असतो. एफएम रेनबोच्या 107.1 किंवा एफएम गोल्डच्या 100.7 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 3 मीटरच्या आसपास येते. उंच इमारतींवरून परतलेली लहर थेट लहरीत मिसळते आणि 300 मीटरच्या जादा अंतराला 1 मायक्रोसेकंद उशीर होतो. वरळी किंवा लोअर परळच्या सिग्नलला उभ्या गाडीत गाणे फाटत असेल आणि गाडी हातभर पुढे सरकताच साफ होत असेल, तर प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. संच मोनोवर टाकल्यास हा दोष बराच ओसरतो, कारण डाव्या-उजव्यातील फरक 23 ते 53 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि परावर्तनाचा फटका त्याला आधी बसतो. जागा बदलली, मोनो केले, तरी प्रत्येक ‘स’ तसाच थुंकत राहिला, तर मात्र दोष केंद्राकडचा समजावा. याच्या उलट, मोनो करताच गायकाचा आवाज नाहीसा होऊन नुसता घुमारा व कडेची वाद्ये उरली, तर स्टुडिओत एका बाजूची तार उलटी जोडलेली असते. स्टिरिओ हेडफोनवर निवांत बसलेल्या माणसाला हे पटकन कळत नाही. स्वयंपाकघरातल्या एका स्पीकरच्या रेडिओवर लगेच कळते.

चाचणीसाठी पाश्चात्त्य ग्रंथ सहसा पियानो किंवा ताल ठळक असलेले संगीत सुचवतात. येथे तानपुरा अधिक उपयोगी आहे. गायक थांबताच तानपुरा फुगून वर येत असेल आणि गायकाने आवाज लावताच मागे ढकलला जात असेल, तर पातळी सांभाळणाऱ्या भागाचा सुटण्याचा वेग जास्त आहे किंवा त्याचे गेट (ज्या पातळीखाली आवाज उचलणे थांबते ती हद्द) फार खाली ठेवले आहे. तबल्याच्या बायाँच्या प्रत्येक घुमकीबरोबर तानपुरा खचत असेल, तर खालचा पट्टा बाकीच्यांना ओढतो आहे. जवारीचा झणझणाट स्वतःच गुणस्वरांनी भरलेला असल्याने तिच्यात सौम्य विकृती लपते, हीही एक अडचण. त्यासाठी बासरीचा लांब स्वर ऐकावा. ढोलकीची चाट बोथट लागली, तर शेवटच्या टप्प्यात जास्त कापले जात आहे.

जुळवणी करताना अनुभवी मंडळी स्रोतापासून सुरुवात करतात आणि तेच बरोबर आहे. कमी बिटरेटच्या एमपी3 फायली, जुन्या तबकड्यांची खरखर, कंपनीनेच शिखरे कापून काढलेली नवी गाणी हे दोष प्रोसेसर झाकत नाही, उगाळून वर काढतो. त्यानंतर संथ पातळीनियंत्रण, मग पट्टे, आणि शिखर कापणारा भाग सर्वांत शेवटी. तेथे अर्धा डेसिबलसुद्धा ऐकू येतो. दोन जुळवण्यांची तुलना करताना आधी त्यांची ऐकू येणारी पातळी सारखी करून घ्यावी लागते, कारण जी किंचित मोठी असते तीच कानाला चांगली वाटते. तासाभरानंतर थकलेल्या कानाने घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा. मोजणीसाठी 60 हर्ट्झ व 7 किलोहर्ट्झ हे सूर 4:1 प्रमाणात देण्याची पद्धत रूढ आहे. मात्र तेव्हा प्रोसेसर बाजूला काढतात, नाहीतर मोजणीचे यंत्र प्रोसेसरचे हेतुपुरस्सर केलेले कामही दोष म्हणून दाखवते.

मध्यम लहरींवर, म्हणजे आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीच्या 558 किंवा संवादिताच्या 1044 किलोहर्ट्झवर, नियम बदलतात. मॉड्युलेशन (आवाजानुसार वाहक लहरीची उंची कमीजास्त होणे) ऋण बाजूला 100 टक्क्यांपलीकडे गेले, की वाहक लहर क्षणभर तुटते आणि तिचे शिंतोडे 9 किलोहर्ट्झवरच्या शेजाऱ्यापर्यंत जातात. धन बाजूला मात्र 125 टक्क्यांपर्यंत मुभा घेण्याची प्रथा अनेक देशांत आहे. मानवी आवाजाची लहर दोन्ही बाजूंना सारखी नसते. उंच बाजू ऋणाकडे पडली तर ही मुभा वाया जाते. म्हणून कला (लहरीची अवस्था, फेज) फिरवणारी गाळणी वापरून लहर आधी समतोल करतात. साध्या संचात 4 किलोहर्ट्झच्या वरचे फारसे पोहोचत नसल्याने येथे ‘स’चा प्रश्न जवळजवळ उरत नाही. निवेदकाचा आवाज घोगरा आणि दाटलेला लागला, तर बहुतेक वेळा 200 ते 400 हर्ट्झचा पट्टा जास्त उचललेला सापडतो.