जाहिरातरोधक एक्स्टेंशन व ब्राउझरची निवड

जाहिरातरोधक एक्स्टेंशन : ब्राउझरला जोडून चालणारा आणि वेबपानासोबत येणाऱ्या जाहिराती, वापरणाऱ्याचा माग काढणाऱ्या आज्ञावल्या व फसवे दुवे अडवणारा छोटा प्रोग्रॅम. मराठीत त्याला ‘विस्तारक’ असा प्रतिशब्द सुचवला जातो, पण बोलण्यात एक्स्टेंशन किंवा नुसते ‘अ‍ॅड ब्लॉकर’ हेच रूढ आहे. विदर्भातील तालुक्याच्या गावांत संगणकावर बसणारी मुले त्याला बहुधा चिन्हावरून ओळखतात. यूब्लॉक ओरिजिन म्हणजे ‘लाल ढालवालं’. क्रोम ब्राउझरने २०१८ ते २०२५ या काळात एक्स्टेंशनचे नियम बदलले. त्यामुळे कोणता अ‍ॅड ब्लॉकर चांगला हा प्रश्न मागे पडला आणि कोणता ब्राउझर वापरायचा हा प्रश्न पुढे आला.

उगम : पहिला जाहिरातरोधक कोणता याविषयी एकमत नाही. मतभेद मुख्यतः व्याख्येचा आहे. जाहिरात अडवणारे कोणतेही साधन जमेस धरले, तर मान १९९६ मधील ‘इंटरनेट फास्ट फॉरवर्ड’कडे जातो. प्रिव्हनेट या अमेरिकी कंपनीने तो नेटस्केप ब्राउझरसाठी काढला होता. कंपनी लवकरच विकली गेली आणि तो प्रोग्रॅमही मागे पडला. साधारण त्याच सुमारास ‘इंटरनेट जंकबस्टर’ आला. तो ब्राउझरचा भाग नव्हता. संगणक आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून मजकूर गाळणारा तो मध्यस्थ प्रोग्रॅम होता. संगणकातील होस्ट्स फाइलमध्ये (संकेतस्थळांची नावे व त्यांचे पत्ते नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) जाहिरात देणाऱ्या सर्व्हरांचे पत्ते चुकीच्या जागी वळवून ठेवण्याची युक्तीही जुनीच. मात्र ब्राउझरला जोडलेले, वापरणाऱ्याला स्वतःचे नियम लिहू देणारे एक्स्टेंशन अशी काटेकोर व्याख्या घेतली, तर हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याचे २००२ मधील अ‍ॅडब्लॉक हेच आद्य ठरते. ते फिनिक्स ब्राउझरसाठी होते. याच फिनिक्सचे पुढे फायरफॉक्स झाले. आजची सर्व प्रमुख साधने याच वंशातील असल्याने दुसरी व्याख्या अधिक उपयोगी दिसते.

२००६ मध्ये व्लादिमीर पालान्ट यांनी मूळ कल्पना नव्याने लिहून काढली. तिच्यातून अ‍ॅडब्लॉक प्लस रुजले. याच पिढीत एक महत्त्वाची गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे प्रोग्रॅम वेगळा आणि यादी वेगळी. काय अडवायचे हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. ते ईझीलिस्टसारख्या यादीत लिहिलेले असते. या याद्या स्वयंसेवक सांभाळतात व जवळजवळ रोज बदलतात, कारण जाहिरात देणारेही रोज पत्ते बदलतात. भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ ही पूरक यादी असून तिच्या भाषांत मराठीही आहे. पुढील सगळा वाद समजून घ्यायचा तर ही यादी आणि तिचा ताजेपणा ध्यानात ठेवावा लागतो.

रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये यूब्लॉक लिहिले. २०१५ मध्ये प्रकल्पाची धुरा दुसऱ्याकडे गेल्यावर त्यांनी स्वतःची शाखा वेगळी काढली. तीच यूब्लॉक ओरिजिन. यूब्लॉक आणि यूब्लॉक ओरिजिन ही तेव्हापासून दोन निराळी साधने आहेत. नावे जवळची असल्याने चुकीचे बसवले जाण्याचा धोका आजही आहे. क्रोमच्या एक्स्टेंशन-दालनात यूब्लॉक ओरिजिनचे वापरकर्ते ३ कोटींवर गेले होते.

नियमबदलाचे स्वरूप : प्रत्येक एक्स्टेंशनसोबत ‘मॅनिफेस्ट’ नावाची फाइल असते. एक्स्टेंशनचे नाव काय, त्याला कोणत्या परवानग्या हव्यात, ते काय करू शकते, हे तिच्यात लिहिलेले असते. या फाइलच्या रचनेची दुसरी आवृत्ती २०१२ पासून चालू होती. तिसरीचा मसुदा २०१८ च्या अखेरीस लोकांपुढे आला आणि जानेवारी २०२१ मधील क्रोम ८८ पासून ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली. बदल बरेच आहेत. जाहिरातरोधकांच्या दृष्टीने एक मात्र निर्णायक आहे.

दुसऱ्या आवृत्तीत ‘वेबरिक्वेस्ट’ ही सोय होती. पान उघडताना ब्राउझर चित्रे, अक्षरवळणे (फॉन्ट), आज्ञावल्या (स्क्रिप्ट), भेटींची नोंद घेणारे अदृश्य ठिपके अशा पन्नास-शंभर मागण्या बाहेर पाठवतो. यातील प्रत्येक मागणी क्षणभर थांबवून एक्स्टेंशनला विचारले जाई, जाऊ द्यायची की नाही. तिसऱ्या आवृत्तीत हे थांबवणे काढून घेतले गेले. त्याजागी ‘डिक्लेरेटिव्ह नेट रिक्वेस्ट’ ही सोय आली. तिच्यात एक्स्टेंशनने आपले नियम आधीच लिहून ब्राउझरकडे द्यायचे आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. गडचिरोलीच्या रस्त्यावरील वनविभागाच्या तपासणी नाक्याची कल्पना करावी. पूर्वी एक्स्टेंशन स्वतः नाक्यावर उभे असे, प्रत्येक गाडी पाही, संशय आला तर ताडपत्री वर करून पाही. आता ते नाकेदाराच्या हाती गाड्यांच्या नंबरांची यादी देऊन घरी जाते. यादीत नंबर असला तर गाडी अडते. नंबर नवा असला, की माल तोच असूनही गाडी निघून जाते.

यादीच्या लांबीलाही मर्यादा आहे. आरंभीच्या मसुद्यात ती प्रत्येक एक्स्टेंशनला ३०,००० नियमांची होती. एकट्या ईझीलिस्टमध्येच त्याहून अधिक नियम असल्याने टीका झाली. मग ३०,००० ही हमीची किमान संख्या ठरून त्यावर सर्व एक्स्टेंशनांना मिळून सुमारे ३ लाख नियमांचा सामायिक साठा ठेवण्यात आला. चालत्या वेळी भरता येणाऱ्या नियमांची मर्यादाही ५,००० वरून, निर्धोक समजल्या जाणाऱ्या नियमांपुरती, ३०,००० केली गेली. ठरावीक पत्त्याऐवजी अक्षरांच्या नमुन्यावर (रेजेक्स) आधारित नियमांना मात्र १,००० चीच मर्यादा आहे. त्यामुळे संख्येचा वाद बराचसा निवला, ताजेपणाचा निवला नाही. मुख्य नियमसंच एक्स्टेंशनसोबतच बांधून द्यावे लागतात. यादीतील दुरुस्ती वापरणाऱ्यापर्यंत पोचायला बहुधा एक्स्टेंशनची नवी आवृत्ती निघावी लागते. शिवाय पार्श्वभूमीत सतत जागे राहणारे पान जाऊन ‘सर्व्हिस वर्कर’ आला आहे. सुमारे ३० सेकंद काम नसले की तो झोपी जातो.

बदलाची कारणे म्हणून गूगलने सुरक्षितता, खासगीपणा आणि वेग ही तीन कारणे दिली. पहिल्यात तथ्य आहे. बाहेरून आज्ञावली ओढून चालवणारी अनेक घातक एक्स्टेंशने पकडली गेली होती आणि तिसऱ्या आवृत्तीने त्यावर घातलेली बंदी योग्यच म्हणावी लागेल. खासगीपणाचे कारण तितके पटत नाही, कारण मागण्या थांबवण्याची सोय गेली असली तरी परवानगी मिळालेल्या एक्स्टेंशनला त्या पाहण्याची सोय तिसऱ्या आवृत्तीतही आहे. माग काढणाऱ्याला पाहणे पुरते. अडवणाऱ्याला थांबवावेच लागते. वेगाबाबत घोस्टरी या जाहिरातरोधक बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये केलेल्या मोजणीत प्रमुख जाहिरातरोधकांना एका मागणीचा निर्णय घ्यायला एक मिलिसेकंदही लागत नसल्याचे दिसले. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन’ या हक्कसंस्थेनेही बदलावर कडक टीका केली. गूगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते. त्यामुळे हेतूवरही बोट ठेवले जाते. मात्र जाहिरातींवर न जगणाऱ्या अ‍ॅपलने २०१५ मध्येच सफारीसाठी अशीच आधी-यादी-द्या पद्धत आणली होती. हेतूचा वाद त्यामुळे सुटण्यासारखा नाही. परिणामाबाबत हिल यांचे म्हणणे अधिक नेमके वाटते. जाहिरात अडवायची कशी याचा शोध यापुढे ब्राउझरने दिलेल्या सोयींपुरताच घेता येईल, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा आहे.

अंमलबजावणी : जानेवारी २०२२ पासून दुसऱ्या आवृत्तीची नवी एक्स्टेंशने घेणे थांबले. पूर्ण बंदीची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. जून २०२४ मध्ये चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून सर्वसामान्य वापरकर्त्यांची एक्स्टेंशने टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि जुलै २०२५ मध्ये क्रोम १३८ सोबत ती पुन्हा चालू करण्याचा पर्यायही गेला. हिल यांनी तिसऱ्या आवृत्तीच्या चौकटीत बसणारे यूब्लॉक ओरिजिन लाइट २०२२ पासून उपलब्ध केले आहे. रोजच्या वाचनाला ते पुरते. सुरुवातीला त्यात स्वतःचे नियम लिहिण्याची सोय नव्हती. ती पुढे काही अंशी आली.

फायरफॉक्सने तिसरी आवृत्ती स्वीकारली, पण मागणी थांबवण्याची जुनी सोयही ठेवली. त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तेथे पूर्ण ताकदीने चालते. ब्रेव्हमध्ये जाहिरातरोधक ब्राउझरच्या आतच बसवलेला असल्याने एक्स्टेंशनचे नियम त्याला लागत नाहीत. ऑपेरा व विवाल्डी यांच्यातही अंगचे रोधक आहेत. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सारे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. पायातून काढलेली सोय स्वतःच्या बळावर टिकवणे त्यांना महाग पडते.

ग्रामीण विदर्भ : येथे इंटरनेट म्हणजे प्रथम मोबाइल, आणि अँड्रॉइडवरील क्रोमने एक्स्टेंशनला कधीच जागा दिलेली नाही. त्यामुळे नियमबदलाची झळ गावातील बहुसंख्यांना थेट बसलीच नाही. त्यांना ती सोय मुळात मिळालेली नव्हती. एके काळी फोनवर सर्रास दिसणाऱ्या यूसी ब्राउझरमध्ये अंगचा जाहिरातरोधक होता, पण २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये तोही गेला. रोजच्या ठरावीक जीबीवर भागवणाऱ्या घरात आपोआप चालू होणारी चित्रफितीची जाहिरात म्हणजे संध्याकाळच्या नेटमधून गेलेला वाटा. कपाशीवरील बोंडअळीची माहिती शोधताना पान उघडायला लागणारा वेळही तीच वाढवते. फोनसाठी दोन सरळ वाटा आहेत. पहिली ब्रेव्हची. दुसरी फायरफॉक्सची, त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत यूब्लॉक ओरिजिन चालते आणि डिसेंबर २०२३ पासून इतर एक्स्टेंशनांनाही दार मोकळे झाले आहे. तिसरी वाट अँड्रॉइड ९ पासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा स्वतः निवडण्याची. तेथे अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचा पत्ता भरला की इतर अ‍ॅपमधील बऱ्याच जाहिरातीही थांबतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र थांबत नाहीत, कारण त्या चित्रफितीच्याच पत्त्यावरून येतात. मेळघाटासारख्या रेंज येते-जाते अशा भागात या वाटेची एक अडचण आहे. दिलेल्या पत्त्यावरची सेवा पोचली नाही, की फोनवर रेंजच्या कांड्या दिसतात आणि एकही पान उघडत नाही.

नियमबदल जाणवला तो संगणकावर, म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, शाळेचे कार्यालय येथे. सरकारी संकेतस्थळांवर जाहिराती नसतात, मग रोधक कशाला, असे वरवर वाटते. पण केंद्रातील काम त्या संकेतस्थळांवर संपत नाही. जून-जुलैत उत्पन्नाचे व जातीचे दाखले आणि प्रवेशाचे अर्ज एकदमच येतात. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत, कागदपत्रे एका पीडीएफमध्ये, अशा अटी असतात. त्यासाठी चालक फुकटची फोटो लहान करणारी, पीडीएफ जोडणारी पाने उघडतो. जाहिरातींचा खरा मारा तिथेच असतो. रोधक नसेल तर अशा पानावर तीन ‘डाउनलोड’ दिसतात. दोन मोठे, हिरवे, ठळक. खरे असते ते तिसरे, खाली कोपऱ्यात, राखाडी अक्षरांत. रांगेत दहा जण उभे असताना हात हिरव्यावरच जातो. मग न मागितलेला प्रोग्रॅम उतरतो किंवा ‘सूचना पाठवू का’ या चौकटीला हो म्हटले जाते आणि दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात बक्षिसांच्या व कर्जाच्या जाहिराती उगवत राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधपानावरील बनावट जाहिरातींपासून सावध करताना जाहिरातरोधक वापरण्याचा सल्ला दिला होता. ज्या संगणकावर अख्ख्या गावाची आधार कार्डे आणि पासबुके उघडली जातात, त्याच्यासाठी हा सल्ला अधिकच महत्त्वाचा आहे. ब्राउझर रात्रीतून स्वतःच अद्ययावत होतो, सकाळी ढाल गायब असते आणि ‘काहून एवढ्या जाहिराती येऊन राह्यल्या’ हा प्रश्न चालकाला पडतो. नियम बदलल्याची खबर त्याच्यापर्यंत याच रूपात पोचते.

ब्राउझर बदलणे येथे वाटते तितके सोपे नाही. बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, प्रिंटची खिडकी हे सगळे अनेकदा एका ठरावीक ब्राउझरवर बसवून दिलेले असते. ते बसवणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो, म्हणून चालू असलेल्याला कोणी हात लावत नाही. अशा ठिकाणी दोन ब्राउझर ठेवणे सोयीचे पडते. दाखले व ठसे क्रोमवर किंवा एजवर, शोधाशोध आणि फोटो-पीडीएफ फायरफॉक्सवर. क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट बसवले तरी हिरव्या बटणांपैकी बरीच जातात.

जुन्या संगणकांची स्थिती वेगळी आहे. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. बंदी तिच्यानंतरची असल्याने आधी बसवलेले लाल ढालवाले एक्स्टेंशन तिच्यात चालू राहू शकते, पण त्या ब्राउझरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे. फायरफॉक्सने विंडोज ७ साठी ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवली व तिची मुदत मूळ तारखेपलीकडे वाढवत नेली. तिच्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन चालते. नवा संगणक घेणे जमत नसलेल्या शाळा व दुकानांना जुन्या यंत्रावर क्रोमऐवजी हीच आवृत्ती बसवणे हितावह आहे.