कणकुंबीचा पाऊस, अथणीचं ऊन आणि हूडची गाडी

गाडी कुरकुर करायला लागली की लोक आधी बॉनेट उघडतात. कापडी हूडच्या (म्हणजे कापडी छपराच्या) जुन्या गाडीत आधी पायाखालची मॅट उचलावी, असं माझं मत आहे. महिंद्राच्या जुन्या जीपा असोत की १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी, इंजिनं दणकट. दुखणी सुरू होतात ती वरून, हूडपासून, आणि पाण्याबरोबर खाली उतरतात.

त्यात आपला बेळगाव जिल्हा म्हणजे अजबच. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला अथणीत तो जेमतेम पाच-सहाशेवर येतो. त्यामुळे खानापुरात हूड कुजतं आणि अथणीत करपतं.

करपण्याचं आधी बघू. रेक्झिनचं हूड म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते घडी घालण्याइतकं मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन मिसळलेलं असतं. उन्हात तापून तापून ते हळूहळू बाहेर पडतं आणि मग हूड घडीवरच तडकतं. मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडते त्याचं कारण थोडं वेगळं. ऊन आणि उष्णतेने पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघून जातो, उरलेल्या कार्बनच्या साखळीत दुहेरी बंधांची रांग तयार होते आणि ती निळा प्रकाश शोषते. निळा गेला की डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे हा पिवळेपणा मळ नव्हे, घासून तो पुरता जात नाही. काही जण चमक यावी म्हणून हूडवर डिझेलचा बोळा फिरवतात. चार दिवस चमक येते खरी, पण डिझेल आतलं मऊपणाचं रसायन ओढून घेतं आणि कडेच्या रबराला फुगवतं. साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. याच्या पलीकडे जाऊ नये.

गळती बहुतेक वेळा कापडातून होत नाही, शिलाईतून होते. जुनं कॅनव्हासचं हूड सुती दोऱ्याने शिवलेलं असे. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. मात्र तो कुजतो. आजचा पॉलिएस्टरचा दोरा वर्षानुवर्षं टिकतो, पण फुगत नाही. मग केशाकर्षणाने पाणी दोऱ्याच्या अंगाअंगाने आत झिरपतं. उपाय स्वस्त आहे: हूड पूर्ण वाळल्यावर शिलाईवर आतून-बाहेरून मेण घासायचं. गळती शोधताना एकाने खडू घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने पाइपने मंद पाणी सोडावं, तेही खालून वर चढत. आधीच वरून ओतलं तर पाणी कुठून आलं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. विंडस्क्रीनची चौकट आणि हूड जिथे भेटतात ती रेघ आणि चौकटीचे बोल्ट, इथे खडूच्या खुणा जास्त पडतात. आणि ओलं हूड कधीही घडी घालून ठेवू नये. जुलैत जांबोटीला एका रात्रीत नाही, पण आठवड्याभरात नक्की बुरशी धरते.

आता मॅट. वरून कोरडी दिसते, पण तिच्या फोमच्या अस्तरात पाणी महिनाभर बसून राहू शकतं. गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतो हे शाळेत शिकलेलं असतं, म्हणून वाटतं की मॅटखाली हवा नाही तर गंजही कमी. होतं उलट. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी कमी. या फरकामुळे थेंबातच एक छोटी बॅटरी तयार होते आणि लोखंड झिजतं ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे. मॅटखालचा पत्रा म्हणजे त्या थेंबाचा मध्य. त्यात आपली लाल माती ओल धरून ठेवते आणि चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीत मीठही येतं. सीटच्या बोल्टांभोवती आणि पत्र्याच्या जोडावर रंगाला फोड दिसला तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. फ्लोअरची रबरी बुचं आणि दाराच्या तळाची भोकं मातीने बुजली नाहीत ना, हे मिरगाच्या आधी बघितलं तरी निम्मं काम झालं.

हाच गंज पुढे विजेत शिरतो. सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं आणि घरात नवी बॅटरी आणायची चर्चा सुरू होते. तशी घाई नको. गाडी बराच वेळ बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीवर घ्यावा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून) विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्यांना जोडते ती एक जाड पट्टी. सेल्फ दीडशे अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतो. पट्टीच्या टोकाला गंजामुळे ०.०१ ओहम इतका क्षुल्लक रोध आला तरी १५० × ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. कधी कधी करंट दुसरी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते!

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढलेली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर लाल टोचणी आधी त्या खुंटावरच्या क्लॅम्पवर, मग बॉडीवर, मग परत इंजिनवर न्या. आकडा जिथे उडी मारतो तिथे दुखणं. आधी निगेटिव्ह सोडवून (आणि शेवटी तोच जोडून) जोड पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. मेस्त्रीकडे न जाता होणारं हे काम आहे.

पेट्रोलचं थोडक्यात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे ७ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीत मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. इथली हवा विरळ, म्हणून तेच मिश्रण थोडं दाट होतं आणि निम्म्याच्या आसपास भरपाई आपोआप होते. पणजीला उतरल्यावर ती सवलत जाते, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते, प्लग पांढुरका निघतो. तिथे आयडलचा स्क्रू पिळत बसू नये, त्याचा हुकूम आयडलपुरताच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतं तेवढ्यापुरताच चालतो. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची तोटी, एक नंबर मोठा घालावा लागतो आणि हे काम मात्र कार्ब्युरेटर जाणणाऱ्या मेस्त्रीचंच.